अंबाजी शेवटच्या दिव्याकडून यायचा

कुठल्याही बागेत कामाला गेलं की अंबाजी पहिल्या दिव्याकडं बघायचाच नाही. मालक गेटपाशी उभा राहून "बघा, कसा लखलखतोय" म्हणत असायचा, आणि हा त्याच्या बाजूनं पिशवी हलवत सरळ मागं निघून जायचा, जिथं तार संपते तिथं. तिथला दिवा बघायचा आणि मग उलटा चालत यायचा. मालकाला वाटायचं, ह्या माणसाला बोलायचं वळण नाही. ते खरंच नव्हतं.

आमचं काम म्हणजे बागेतले बुटके दिवे लावायचं. वाटेच्या कडेनं, झाडाच्या बुडाशी, पायरीपाशी. घरातल्या विजेवरचे दिवे नव्हेत, बारा व्होल्टचे. पावसात ओल्या मातीत हात घातला तरी झटका बसत नाही. भिंतीवर एक डबा असतो, तो घरातली वीज उतरवून देतो. त्या डब्यातून दुपदरी तार निघते, मातीखालून जाते, आणि वाटेत एकेक दिवा तिला जोडत जायचं. ऐकायला सोपं. पण तार लांब गेली की वीज वाटेतच दमते. पहिला दिवा नवरदेवासारखा, मधला बरा, आणि शेवटचा तापातून उठल्यासारखा. असल्या बागा म्हैसुरात मी इतक्या बघितल्यात, की आता कुणी लग्नाला बोलावलं तरी माझं लक्ष नवरा-नवरीकडं जात नाही.

मी तिसरीपर्यंत कन्नड शाळेत गेलो. मराठी घरात शिकलो, तेही अडखळत. लिहिताना मधी कन्नड शब्द पडला तर पडला, तो उचलत बसायला मला आता वेळ नाही आणि हौसही नाही. काम बंद झालंय. दिवसभर ओट्यावर बसतो. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सांगितलं, आपल्यातल्या कुणावर तरी लिहून द्या. वकिलावर, डॉक्टरवर, नाटकात काम केलेल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. अंबाजीवर माझ्याशिवाय कोण लिहिणार? तो गेला तेव्हा पेपरात फोटोसुद्धा आला नाही.

त्याच्यावर लिहायचं म्हणजे त्याच्या डोळ्यांवर लिहावं लागतं. मीटर न लावता नुसत्या नजरेनं तो सांगायचा की दिव्यांची ओळ सारखी आहे की नाही, आणि माळी, मेस्त्री, मालक सगळे ते मानायचे. शेवटी तेच डोळे जायला लागले. तेव्हा त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. कुणाला कळायच्या आत, आपल्या पायानं ह्या धंद्यातून उठायचं. कुणी उठवलेलं त्याला चाललं नसतं.

आम्ही दोघं रंगाऱ्यांच्या घरातले. आमच्या आज्यांनी कापड रंगवलं, बापांनी थोडं रंगवलं आणि थोडं सोडलं, आणि आम्ही वायरमन झालो. अंबाजीच्या आज्याकडं मोठे हंडे होते. लांबच लांब कापड हंड्यातून ओढत न्यायचं. जो शेंडा आधी रंगात जातो तो रंग पिऊन घेतो, शेवटच्या टोकाला रंग उरत नाही. म्हणून कापड वाळलं की त्याची घडी अशी घालायचे की दोन्ही टोकं एकमेकांशेजारी यावीत. सावलीत धरून बघायचे. फरक दिसला की कापड परत हंड्यात, ह्या वेळी उलट्या टोकाकडून. दोन्ही टोकं एकसारखी झाली की म्हातारा म्हणायचा, "सम." तेवढं ऐकल्याशिवाय कापड घराबाहेर जायचं नाही.

अंबाजीनं ते सगळं उचलून बागेत आणलं. विजेच्या डब्याला तो हंडा म्हणायचा. खिशात मांजरपाटाचा एक तुकडा असायचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. संध्याकाळ झाली, दिवे लागले, की तो शेवटच्या दिव्यापाशी उकिडवा बसायचा, तो तुकडा उजेडाखाली धरायचा आणि बघत राहायचा. मग उठून पहिल्या दिव्यापाशी जाऊन तसंच. नव्या मजुराला वाटायचं, म्हातारा भूत पकडतोय. आम्ही सगळे हातात कुदळी, टिकाव घेऊन उभे. त्यानं "सम" म्हटलं की सामान भरायचं. नाही म्हटलं तर वाट परत उकरायची, मग भूक लागलेली असो, बस चुकलेली असो.

"अण्णा, एवढं कोण बघतंय?" मी सुरुवातीला विचारायचो. तो माझ्यापेक्षा वयानं मोठा. हाक मारताना अण्णा आणि बोलताना तू, आमच्यात तसंच चालतं.

"तू नाही बघत म्हणून कुणीच बघत नाही काय रे?" तो म्हणायचा. "सिद्द्या, शेवटच्या दिव्यापाशी जो चालतो ना, त्यालाच उजेड लागतो. गेटपाशी तर रस्त्याचा दिवा असतोच की."

माझं नाव सिद्धोजी. सिद्द्या म्हणणारा तो शेवटचा माणूस.

हॉटेलात आम्ही बाय-टू कॉफी घ्यायचो, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. तो दोन्ही पेले डोळ्यांसमोर धरायचा, ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात, कॉफी निवून जायची. लग्नात जेवायला बसला की शेवटच्या पंगतीला, आणि तेही टोकाच्या पानावर. पायसम तिथपर्यंत येईस्तोवर पातळ होतंय का हे बघायला. झालेलं असलं तर आचाऱ्याला बोलावून घ्यायचा. त्याची बायको, रुक्माअक्का, मला म्हणायची, "सिद्धोजी, घरात न्हाणीचा बल्ब गेलाय, देवाजवळचा गेलाय. आणि हे गावभर उजेड वाटत फिरतात. आमची तार फार लांब पडली वाटतं." अंबाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बल्ब शेवटी मीच बदलायचो.

तो सांगायचा तेवढा हुशार होता असंही नाही. कडकोळला एका कारखान्याच्या कुंपणाकडेनं बाग होती, तिथं त्याची चांगली जिरली होती. कुंपण केवढं लांब, आणि शेवटचे दिवे तांबूस पडलेले. अंबाजी विचार करत एका दगडावर बसून राहिला आणि मग एकदम उठून म्हणाला, "अरे, कापड उलट्या टोकानं परत हंड्यात घालतात की! तारेचं शेवटचं टोक पण फिरवून हंड्यालाच आणून जोडू. वीज दोन्हीकडून येईल." आम्ही कुंपणाच्या दुसऱ्या बाजूनं तार फिरवून आणली. जोडली. डबा घूं घूं करायला लागला आणि बंद पडला. परत चालू केला, परत बंद.

कारखान्यात एक मराठी इंजिनियर होता, सांगलीकडून नोकरीला आलेला, निखिल नावाचा. तो येऊन शांतपणे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, परत आणलेल्या टोकाच्या तारा उलट जोडल्यात तुम्ही. डावीकडची उजवीकडे गेलीय. म्हणजे तार स्वतःशीच भिडली."

"उलटच जोडायची असते," अंबाजी म्हणाला.

"का बरं?"

"कापड परत घालताना पलटून घालतात."

निखिल बघतच राहिला. मग त्याला हसू आलं, पण त्यानं ते चांगल्या माणसासारखं दाबलं. "काका, हे कापड नाही हो. ही सुलट ठेवा, म्हणजे झालं."

सुलट जोडली. दिवे लागले. अंबाजी शेवटपर्यंत गेला, मांजरपाट धरलं, परत आला. "सम," म्हणाला, आणि मग निखिलकडं वळून, "पण दोन्हीकडून वीज द्यायची ही अक्कल कुणाची? सांगा."

"अक्कल उत्तमच आहे काका. आम्हाला कॉलेजात शिकवतात ही पद्धत. पुस्तकात आहे."

हे ऐकून अंबाजीचं तोंड असं झालं, की ते मी कधी विसरणार नाही. डबा बंद पडला तेव्हा झालं नव्हतं तसं. परत येताना बसमध्ये बसलो. कडकोळ गेलं, पुढची वस्ती गेली, मग म्हणाला, "आज्यानं पुस्तकवाल्यांना कशाला सांगितलं असंल?" मी बाहेर बघून हसलो. पण त्या निखिलशी त्याचं नंतर जमलं. त्याच्या घरी गौरीच्या वेळी दिवे लावायला तो आपणहून गेला आणि तिथंही मखराच्या मागच्या बाजूला जाऊन बसला.

बन्नूरला एकानं मंगल कार्यालय बांधलं होतं. उसाचा मोठा शेतकरी, आवाजही मोठा. त्याला गेटपासून मांडवापर्यंत लखलखाट पाहिजे होता, आणि मागं, जिथं बायका भांडी घासतात, तिकडं जाणाऱ्या वाटेवर नुसते नावाला दोन दिवे. अंबाजी म्हणाला, वाट एकच आहे, तार एकच आहे, सगळीकडं सारखं करू.

"अय्यो, मागं कोण बघतंय, यजमान्रे?" तो कन्नडमध्ये म्हणाला. यजमान्रे म्हणजे मालक; चिडवून म्हणत होता.

"मागं बघायला कुणी येत नाही," अंबाजी म्हणाला. "तिथं उकळत्या भातवणाची पातेली घेऊन चालतात."

"ते चालतील. पाय आहेत त्यांना."

"मग तुमचं तुम्ही करा. तुम्हाला हात आहेत."

पिशवी उचलली आणि चालायला लागला. मला माझा टिकावसुद्धा नीट घेता आला नाही. काम हातचं गेलं, मी आठवडाभर त्याच्याशी धड बोललो नाही. आणि तो? त्याच कार्यालयात पुढं कुणाचं तरी लग्न निघालं, तर अत्तर लावून गेला. जेवला, आणि हात धुवायच्या निमित्तानं मागची वाट बघून आला. "अंधारच आहे," मला सांगितलं. खूश होता की वाईट वाटलं होतं, मला कळलं नाही. त्याचं असं पुष्कळ मला कळलं नाही.

मग एलईडी आले. वीज कमी खातात, तारेवर ओझं कमी. दुकानदार सांगायला लागले, आता लांबीची काळजी नको. अंबाजी म्हणायचा, "दिवा बदलला म्हणून तार आखूड झाली काय?" हे मात्र त्याचं खरं होतं. फरक पूर्वीएवढा पडत नाही, दिवे तांबूस होत नाहीत, पण फार लांब गेलं की शेवटचे मंद पडतातच. फक्त तो फरक बघायला डोळा जास्त लागतो. आणि त्याच सुमाराला त्याचा डोळा कमी व्हायला लागला.

पहिल्यांदा मला कळलं ते कॉफीवरून. त्यानं पेले डोळ्यांसमोर धरले, ह्यातलं त्यात केलं आणि माझ्यापुढं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. त्याच्या स्वतःच्या पेल्यात दोन घोट. "घे, सारखं केलंय," म्हणाला. मी तो उचलून प्यायलो. मग तारा. दोन पदरांतल्या एकावर ओळखायला बारीक रेघ असते. "सांग बघू सिद्द्या, ह्यातली खुणेची कुठली?" असं विचारायला लागला, मास्तर पोराला विचारतो तसं. आधी मला राग यायचा. एवढी वर्षं काम केलेल्या माणसाला तार विचारतो! मग एक दिवस रुक्माअक्कानं दारात थांबवून सांगितलं. डॉक्टर म्हणाला होता, डोळ्यात आतून दाब वाढलाय, बाजूचं दिसणं गेलंय, मधलंही जातंय. गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंब घालून टिकवायचं. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत," ती म्हणाली. "सगळ्यांना कळलं तरी चालंल, पण सिद्धोजीला नको, म्हणाले."

ते का, हे मी तिला विचारलं नाही. मलाही अभिमान आहे.

शेवटचं काम एच. डी. कोटेच्या पुढं, कबिनी धरणाच्या पाण्याकडं. सोनालीताई म्हणून पुण्याची बाई. ती आणि तिचा नवरा म्हैसुरात कंपनीत होते, ती नोकरी सोडून त्यांनी तिथं जमीन घेतली, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. घरापासून पाण्यापर्यंत वाट, वळत वळत, आंब्याच्या झाडांतून. एवढी लांब तार आम्ही कधी टाकली नव्हती. मी म्हटलं, अण्णा, हे सोडू. तो म्हणाला, "हे झालं की मी उठणार आहे. आयतु. मग तू तुझं बघ." आयतु म्हणजे झालं, संपलं. डोळ्यांचं तो बोलला नाही, मीही नाही.

डबा घराच्या भिंतीवर लावला. महादेव नावाचा कोटेचाच माणूस होता, कष्टाला वाघ, त्यानं आणि मी चर खणला. जाड तार घेतली होती. दिवे जोडले. संध्याकाळी लावले. अंबाजी नेहमीसारखा शेवटाकडं गेला, वाळूत बसला, मांजरपाट धरलं. मी बघत होतो. तुकडा त्यानं उजेडाच्या बाहेर धरला होता. दिवा इकडं, कापड तिकडं.

परत वर आला. "सम," म्हणाला.

महादेव सामान भरायला लागला. सोनालीताई वाटेवर खाली जाऊन वर आली.

"काका, एक बोलू का? शेवटचे तीन-चार मला जरा मंद वाटतायत."

"वाटणारच," अंबाजी म्हणाला. "दिवसभर कॉम्प्युटरात बघितलं की डोळ्याला असं होतं."

"अहो, कॉम्प्युटर सोडूनच तर इथं आले! दिवसभर कुदळ घेऊन फिरते मी."

महादेव हसला. अंबाजीला ते हसणं लागलं. तो ताठ झाला. "ह्या हातानं किती बागा केल्या, माहीत आहे काय तुम्हाला? सिद्द्या, सांग ह्यांना."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी खाली बघितलं. घराकडच्या दिव्यांखाली गवताची पाती मोजता आली असती. पाण्याकडच्या दिव्यांखाली वाळू आहे की माती, तेही समजत नव्हतं. ही बाई तिथं राहणार होती. आम्ही जाणार होतो.

"मंद आहेत, अण्णा," मी म्हटलं. "चार नाहीत. जास्त आहेत."

तो वळला. गाडी उभी होती तिकडं चालायला लागला, एका कुंडीला धडकला, कुंडीलाच "एय्" म्हणाला आणि पुढं गेला. सोनालीताईनं मला हळू विचारलं, "काकांना खूप राग आला का हो?"

"त्याला राग येतोच. उद्या येतो आम्ही," मी म्हटलं.

गाडीत मी पुढं ड्रायव्हरजवळ बसणार होतो, तर त्यानं मागं बोलावून घेतलं. "तिच्यासमोर बोललास," म्हणाला.

"तूच विचारलंस."

कोटे गाव आलं. मग, छत्री विसरलो म्हणावं तशा आवाजात म्हणाला, "मला दिसले नाहीत रे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कॉफीपासून."

त्याला कुठली कॉफी ते कळलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही. "हे नीट करायचं," म्हणाला. "नीट करून, कामावरून उठल्यासारखं उठायचं. त्या बाईला कळता कामा नये. महादेवाला पण नाही. आंधळ्यानं दिवे लावले म्हणून गोष्ट सांगतील, हसून हसून सांगतील. मला ती गोष्ट व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं आल्याआल्या फर्मान सोडलं. मीटर काढ. माझ्या पिशवीत मीटर असायचा, तो त्याला लहान पोराचं खेळणं म्हणायचा. आज म्हणाला, "सगळ्या दिव्यांपाशी लाव आणि आकडा मोठ्यानं बोल." स्वतः पालथ्या बादलीवर बसला, डोळे मिटून. महादेवाला वाटलं, म्हातारा सोनालीताईवर रुसून बसलाय. आम्ही त्याला तसंच वाटू दिलं. मी आकडे बोलत खाली गेलो. डब्यापाशी बारा, शेवटी साडेनऊलाही कमी.

"दोन्हीकडून द्यायची म्हटली तर परत तेवढीच तार," मी म्हटलं. "कुठून आणायची?"

सोनालीताई चहा घेऊन आली होती. ऐकत उभी होती. म्हणाली, "तो डबा घरावरच का पाहिजे? वाटेत मध्यावर पंपाची खोली आहे ना, तिथं लाइट आहे की."

अंबाजीनं डोळे उघडले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आल्या दिवशी मी काही म्हणायला गेले, तर तुम्ही सरळ पाण्याकडं निघून गेलात."

मला वाटलं आता भडकेल. पण तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "ती खोली मला दिसली नाही हो," म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं एवढं सहज म्हटलं, की मी सोडून कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

डबा पंपाच्या खोलीत नेला. तिथून एक तार वर घराकडं, एक खाली पाण्याकडं. दोन्ही निम्म्या लांबीच्या, दोन्हीवर निम्मे दिवे. तो बादलीवरून बोलत होता आणि आम्ही करत होतो. "जोड कोरडा ठेव. तोंड मेणानं भर. घाई करू नको, महादेवा, पंप पळून जात नाही." दुपार गेली. मी परत आकडे बोलत गेलो: अकरा, अकराला थोडं जास्त, अकरा. वर तसंच, खाली तसंच. अंधार पडला. दिवे लागले आणि ती वाट घरापासून पाण्यापर्यंत एका उजेडाची दिसली. मी एवढं काम केलं आयुष्यात, इतकी सारखी ओळ मी बघितली नव्हती. आणि मलाच ती बघावी लागली.

महादेव टिकाव खांद्यावर टाकून अंबाजीच्या तोंडाकडं बघत उभा होता. आता तो शब्द येणार म्हणून. मीही थांबलो.

अंबाजी बादलीवरून उठला. "काळोख झाला," म्हणाला. "सामान भरा."

ह्या वेळी जे दिसलं नाही त्याला त्यानं सम म्हटलं नाही. महादेवानं मला डोळ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दमलाय. तेही खोटं नव्हतं. आम्ही दोघंही दमलो होतो.

त्यानंतर त्यानं काम घेतलं नाही. लोकांना सांगायचा, पुरे झालं, आता सिद्द्याला करू द्या. लोकांनी मानलं. एकच संध्याकाळ राहिली होती. सोनालीताईनं पाहुण्यांना बोलावून जागा सुरू केली आणि फोन करकरून आम्हाला दोघांनाही बोलावलं. रुक्माअक्का म्हणाली, जाऊ नका, सुम्ने बसा घरी. सुम्ने म्हणजे गुपचूप. पण तो म्हणाला, नाही गेलो तर का नाही आला म्हणून विचारतील. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, दाढी तिच्याकडून करून घेतली. मला गाडीतच बजावलं, "हात धरलास तर बघ."

मी धरला नाही. तो एकटा वाटेनं खाली चालत गेला, पाठीमागं हात बांधून, सावकाश. वाटेवर बारीक खडी होती, कडेला गवत. पायाखाली खडी वाजेनाशी झाली की तो अंगुळभर सरकायचा. पाहुणे बाजूला होऊन वाट देत होते. त्यांना वाटत होतं, मोठा मेस्त्री काम तपासतोय. मी चार पावलं मागं, जीव मुठीत धरून.

पाण्याजवळ खुर्च्या मांडल्या होत्या. सोनालीताईनं त्याला तिथं थांबवलं आणि सगळ्यांना हाक मारून म्हणाली, "हे आमचे अंबाजीकाका. ही सगळी वाट ह्यांची. काका, तुम्ही काही बोललाच नाहीत त्या दिवशी. आता सगळ्यांसमोर सांगा, कसं झालंय?"

सगळे बघायला लागले. महादेवही होता, नवा शर्ट घालून, हातात सरबताचा ट्रे. अंबाजीनं घसा साफ केला. मला वाटलं, म्हणेल एकदाचा, काय जातंय म्हणायला.

"मी कामातून उठलो, ताई," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "आता बागा हा बघणार. माझ्यापेक्षा ह्याची नजर चांगली आहे. ह्याला विचारा."

आणि त्यानं हात सरळ करून बोट दाखवलं. मी त्याच्या उजवीकडं होतो. बोट डावीकडं होतं, तिथं एक कण्हेर होती आणि तिच्यापुढं कुणीच नव्हतं.

लोकांच्या माना वळायच्या आत मी त्याच्या पाठीमागून वळसा घेतला आणि जाऊन त्या कण्हेरीपुढं उभा राहिलो.